अकरा रन

९ जानेवारी

ती. दादा,

सा. न. वि. वि. या वेळी विनंती खरोखरच विशेष आहे, तेव्हा चष्मा लावून बस.

कॉम्प्युटरवर आलेलं पत्र तुला नोटिशीसारखं वाटतं, म्हणून हाताने लिहिते आहे. माझं अक्षर लावताना डोळे गेले तर दोष तुझा.

काल आमचं झाकण उघडलं. वर्षभर आम्ही हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला आणि मोजत बसलो, ते तुला ठाऊकच आहे. उत्तर काढणारा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून द्यायचा, म्हणजे कुणाचं मन उत्तराला आपल्याकडे ओढायला नको. काल दुपारी सगळ्यांच्या देखत तो गुप्त आकडा वजा केला. प्रोटॉनची त्रिज्या आली ०.८३ फेम्टोमीटर.

दादा, लहान आली. तुझ्या ०.८८ पेक्षा लहान, आणि चुकीला सोडलेल्या जागेच्या कितीतरी बाहेर. खोलीत टाळ्या वाजल्या. मी टाळ्या वाजवल्या आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं.

तू वहिनीला वाचून दाखवशील म्हणून सोपं करून लिहिते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना किती वळतो ते मोजायचं. जितका कमी वळलेला इलेक्ट्रॉन पकडता येईल तितका प्रोटॉन अख्खा दिसतो. अजिबात न वळलेला मोजता येत नाही, कारण तिथे मूळ झोतच असतो. म्हणून मोजलेल्या ठिपक्यांमधून रेघ काढायची आणि ती मागे शून्यापर्यंत न्यायची. तुझी रेघ लांबून मागे आली होती, आमची जवळून आली. बाकी काही नाही. तुझ्या वेळी हे यंत्र असतं तर तूच हा आकडा काढला असतास.

इथे अजून कुणालाही माहीत नाही की मी तुझी बहीण. लग्न मोडलं तरी आडनाव ठेवलं, त्याचा एवढा तरी उपयोग. गटप्रमुख बाई चहाच्या वेळी 'मोठ्या आकड्याच्या सरदारांची' नक्कल करतात आणि मी हसते. क्षमस्व. तुला ओळखणारा एकच माणूस इथे आहे, आमचे पंपमामा. पूर्वी तुझ्या प्रयोगशाळेत नळ्या जोडायचे, आता आमचे सगळे पंप तेच सांभाळतात. तू एकदा त्यांच्या हातातून पाना काढून घेतला होतास, ते अजून सांगतात. तुझं-माझं नातं त्यांनाही मी सांगितलेलं नाही.

पेपर महिनाअखेरीस पाठवू. छापून येईपर्यंत बाहेर बोलायला सक्त मनाई आहे, पण घर म्हणजे काही बाहेर नव्हे. तुझ्याआधी कुणाला सांगितलं नाही.

आकडा लहान झाला म्हणून लोभ लहान करू नकोस.

तुझी
चिमटी


२१ जानेवारी

चि. चिमटीस,

अ. आ. म्हणजे अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक तुझ्या अक्षरासाठी वेगळा काढून ठेवला आहे.

पत्र दोनदा वाचलं. तुझी वहिनी विचारत होती की वन्सं एवढ्या घाबरल्या कशाला. मी म्हणालो, आपल्या भावाला मारून आल्यासारखं तिला वाटतं आहे. अगं वेडे, तीस वर्षांपूर्वी मीही कुणाचा तरी आकडा मोडला होता. त्या गृहस्थांनी मला जेवायला बोलावलं आणि जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मी तसला नाही. मी बोलणार.

शाळेत प्रयोगाच्या वहीत तू आधी उत्तर लिहायचीस आणि मग निरीक्षणं, आठवतं? मी वही फाडली होती आणि तू तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. तेव्हापासून तुझ्यात सुधारणा झाली आहे अशी माझी समजूत आहे.

आता कामाचं. पेपर बाहेर पडला की लोक तुटून पडतील. माझ्या बाजूची माणसं मला ठाऊक आहेत. ती तुझी रेघ बघणार नाहीत, रेघेखालची जमीन उकरतील. म्हणून मला सांग, तुझ्या कामात सगळ्यात कच्ची जागा कोणती? ज्या जागेवर बोट ठेवलं की तू विषय बदलशील, ती. पेपरात लिहिलेली नव्हे, न लिहिलेली. परक्याने शोधण्याआधी घरच्याने बघितलेली बरी.

वहिनी बरी आहे. माझी टायपिंगची कामं अजून तीच करते. मी एका बोटाने टाइप करायला लागलो की तिला बघवत नाही. तिचा तुला नमस्कार नव्हे, रागावलेला निरोप आहे, की वेळेवर जेव.

माझा लोभ मोजायला यंत्र लागत नाही, एवढं ध्यानात ठेव.

दादा


४ फेब्रुवारी

ती. दादा,

सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले, असं वहिनीला सांग.

कच्ची जागा आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर स्वतःशीही बोलत नाही.

आमचा हायड्रोजन एका छोट्या डबीत असतो. डबीला खिडकी नाही, दोन्ही तोंडं उघडी, म्हणजे झोताला मध्ये काचेचा किंवा पत्र्याचा अडथळा नको. पण मग थोडा वायू डबीबाहेर नळीत सांडतो, आणि त्याच्यावरूनही इलेक्ट्रॉन वळतात. ते वजा करायला आम्ही मधून मधून डबी रिकामी ठेवून आणि वायू नुसता नळीत सोडून मोजायचो. मोजणीच्या अशा रिकाम्या फेऱ्यांमध्ये अकरा रन असे आहेत की नळीवरचं गेज अडकलेलं होतं. दाब बदलत होता आणि आकडा जागचा हलत नव्हता. माझ्या लक्षात आलं नाही. पंपमामांच्या आलं. तीन दिवसांनी ते हात पुसत माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले की ताई, ते गेज खोटं बोलतंय.

नळीवर खाली दुसरं गेज आहे, ते नीट चालू होतं. त्यावरून मी अकराही रनांचा दाब नव्याने काढला. उत्तरात फरक पडतो तो आमच्या चुकीच्या मर्यादेचा दहावा हिस्साही नाही. म्हणून पेपरात लिहिलं नाही. बाईंनाही सांगितलं नाही. तेव्हा त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता आणि त्यांनी अकराही रन फेकून द्यायला लावले असते. नंतर सांगू म्हणता म्हणता राहून गेलं. आता सांगितलं तर आधी का नाही, हे विचारतील. हे फक्त मला आणि पंपमामांना माहीत आहे. मी त्यांना म्हटलं की कुठे बोलू नका, तर ते म्हणाले, ताई, माझा जन्म गळती बंद करण्यात गेला.

गणित सोबतच्या कागदावर आहे. बघ आणि सांग, मी झोपू का?

पेपर गेला आहे. जूनमध्ये माझं कंत्राट संपतं. कायमची जागा एकच आहे, आणि बाई म्हणाल्या की पेपर निघाला तर ती तुझी.

लोभ तर आहेच, या खेपेला थोडी दयाही असू दे.

तुझी
चिमटी


१९ मार्च

ती. दादा,

सा. न. या वेळी घाईत, वि. वि. पुढे.

परवा परीक्षकांचे अभिप्राय आले. नावं कळत नाहीत, पहिला आणि दुसरा एवढंच. पहिल्याने पानभर कौतुक केलं आहे. दुसऱ्याने चार पानं लिहिली आहेत, आणि दादा, त्याला गेज माहीत आहे. नुसती शंका नाही. रिकाम्या डबीच्या अकरा रनांमध्ये नळीचा दाब खरोखर मोजला होता की मागाहून बसवला, असं सरळ विचारलं आहे. अकरा हा आकडासुद्धा बरोबर. आणि शेवटी लिहिलं आहे की लेखिकेचं कसब मोजण्यात दिसत नाही, झाकण्यात दिसतं. हे वाक्य बाईंनी सगळ्या गटासमोर मोठ्याने वाचलं.

मग दार लावून चौकशी. बाईंसोबत संचालक आणि कार्यालयातले एक गृहस्थ, ते नुसतं लिहून घेत होते. मी गेजचं सगळं कबूल केलं. बाईंनी तिथल्या तिथे माझं गणित तपासायला दिलं; बरोबर निघालं. त्यामुळे मी वाचले, निदान आजच्यापुरती. पण हे बाहेर कसं गेलं, हा प्रश्न राहिला. संचालकांनी मला विचारलं की हे कुणाकुणाला माहीत होतं.

मी म्हणाले, मला आणि पंपमामांना.

तुझं नाव माझ्या तोंडात आलं होतं. पण तुझं नाव म्हणजे मोठ्या आकड्याचे सरदार. ते माझे भाऊ, आणि मी त्यांना पेपर निघण्याआधी सगळं लिहून पाठवलं, हे ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकलं असतं का? आणि तू तर घरचा. तुला कशाला मोजायचं?

पंपमामा पूर्वी तुझ्याकडे होते हे कार्यालयातल्या गृहस्थांना फायलीत सापडलं. त्यांना बोलावलं. सकाळी ते नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर सही करून गेले. आज त्यांच्या खणातलं सामान एका खोक्यात भरून फाटकावर ठेवलं होतं. स्टुलावर बसायची त्यांची उशी वर होती.

मला समजत नाही दादा. ते बोलले असतील? तुझ्या बाजूला त्यांचे जुने मित्र आहेत हे खरं. तुला काय वाटतं? तू म्हणशील ते मी मानीन.

उत्तर लवकर दे. लोभाची आत्ता फार गरज आहे.

चिमटी


२८ मार्च

चि. चिमटीस,

अ. आ., आणि रडणं आधी थांबव.

तुझा पंपवाला मला चांगला आठवतो. हात चांगला, तोंड सैल. माझ्याकडे असतानाही चहाच्या टपरीवर सगळ्या प्रयोगशाळेची बातमी त्याच्याकडून मिळायची. तू त्याच्यावर विश्वास टाकलास, ही तुझी चूक. त्याने तो मोडला, ही त्याची. दुसऱ्याची चूक आपल्या डोक्यावर घेऊन फिरण्यात काही शहाणपणा नाही.

तो दुसरा परीक्षक कोण असेल याचा विचार करू नकोस. कठोर आहे, पण मूर्ख वाटत नाही. एवढ्या बारीक गोष्टीवर बोट ठेवणारा माणूस पुढे आणखी ठेवील. माझं ऐकशील तर पेपर मागे घे. पुन्हा तपासतो आहोत असं कळवा. त्यात अब्रू जात नाही. तू थकली आहेस. सुट्टी टाकून इकडे ये. इथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायला माणूस हवा आहे, प्राचार्य माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तुला शिकवणं साधतं, हे मी पूर्वीपासून म्हणत आलो. मोजणं हे सगळ्यांचं काम नव्हे, आणि त्यात कमीपणा नाही.

तुझी खोली वहिनीने झाडून ठेवली आहे.

लोभ आहे म्हणून लिहिलं. परक्याला मी एवढं लिहीत नाही.

दादा


६ एप्रिल

प्रिय वन्सं,

आशीर्वाद. वन्सं म्हणायचं तुला, पण तुझ्या वेण्या मीच घातल्या आहेत, म्हणून मान-पान बाजूला ठेवून लिहिते.

तुझी पत्रं आली की ते मला वाचून दाखवतात. फेब्रुवारीतलं दाखवलं नाही, सगळं ठीक आहे म्हणाले. मार्चमधलंही तसंच. काल टेबल पुसताना लिहायच्या पॅडखाली ते मार्चचं पत्र सापडलं. तुझं अक्षर दिसलं आणि राहवलं नाही. वाचलं, आणि तिथेच खुर्चीवर बसले.

मला तुमचं फिजिक्स कळत नाही, टायपिंग कळतं. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला चार पानं टाइप करायला दिली. कुणाचा तरी पेपर तपासायला आला आहे, म्हणाले. अकरा रन, रिकामी डबी, गेज, सगळं त्यात होतं. ते झाकण्यातल्या कसबाचं वाक्य मीच टाइप केलं आहे. मी त्यांना विचारलंही होतं की बाईमाणसाला इतकं लागेल असं कशाला लिहायचं. तर म्हणाले की ती बाई काय तुझ्या ओळखीची आहे, आणि हसले. मी पण हसले, वन्सं. मला काय माहीत.

काल विचारलं. ओरडले नाहीत. म्हणाले, तिचं भलं त्यातच आहे. एकदा तो पेपर पडला की ती घरी येईल. मग म्हणाले की माझं आयुष्य एका आकड्यात आहे, ते तिने रद्दीत टाकायचं आणि मी आशीर्वाद द्यायचा? आणि जेवायला उठले. दोनदा वाढून घेतलं.

हे तुला कळलंच पाहिजे असं वाटलं, विशेषतः त्या पंपवाल्या मामांसाठी. त्यांचं खोकं फाटकावर ठेवलं हे वाचून मला रात्रभर डोळा लागला नाही. त्यांना ताबडतोब सांग. एकच मागणं आहे, माझं नाव त्यांना कळू देऊ नकोस, म्हणजे तुझ्या दादाला. मला इथेच राहायचं आहे.

माया कमी करू नकोस, माझी तर होणार नाही.

तुझी
वहिनी


१३ एप्रिल

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग या वेळी राहू दे.

चार पानांचा तो अभिप्राय वहिनीने टाइप केला आहे हे मला समजलं आहे, तेव्हा इकडची-तिकडची उत्तरं देऊ नकोस.

मी तीन दिवस काही केलं नाही. तुझी जुनी पत्रं काढून वाचली. कच्ची जागा कोणती असं विचारणारं तर पाठ झालं. मी सहा वर्षांची असताना आई-बाबा गेले. पोहायला शिकवताना तू पाण्यात उभा राहून म्हणायचास की सोड हात, मी आहे. मी प्रत्येक वेळी सोडला. या वेळीही सोडला.

आता कामाचं, तुझ्याच शब्दांत. आमचं उत्तर वीस तारखेला जाईल. अकरा रनांचं सगळं गणित पुरवणीत दिलं आहे. नियमाप्रमाणे ते पुन्हा त्याच परीक्षकाकडे येईल. त्याने लिहायचं की आपलं समाधान झालं आणि पेपर छापावा. दोन ओळी पुरेत, त्या तू एका बोटानेही टाइप करू शकशील.

नाहीतर मी संपादकांना कळवीन की परीक्षक लेखिकेचा सख्खा भाऊ आहे, ते त्याने लपवलं, आणि तिच्या घरगुती पत्रातली माहिती त्याने वापरली. माझी जागा जाईल, मान्य. तुझं काय जाईल ते तू मोज. आकडा चुकला हे लोक विसरतात. हे विसरणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये तुझा सत्कार आहे ना? शाल घेताना तुला वर बघता येईल का, एवढाच विचार कर.

पंपमामांचं मी बघेन. त्यांचं नावही तू काढू नकोस.

लोभाबद्दल काय लिहायचं ते सुचत नाही.

चिमटी


२२ एप्रिल

चि. चिमटीस,

अ. आ. हात सवयीने लिहून गेला, खोडत नाही.

दोन ओळी पाठवल्या. एका बोटाने.

तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुझं गणित करून पाहिलं. बरोबर होतं. पेनची शाई बदलून पुन्हा केलं, पुन्हा बरोबर आलं. चार पानं लिहायला बसलो तेव्हा मला हे पक्कं माहीत होतं. तेव्हा माझ्याकडून चूक झाली असं मनात आणू नकोस. मी चुकलो नव्हतो.

तुझ्या वहिनीला मूल झालं नाही. तुला वाढवलं, आणि तो एक आकडा वाढवला. पुस्तकांत तो छापलेला बघताना मला काय वाटायचं हे तुला सांगून उपयोग नाही. तू म्हणालीस की माझ्याकडे हे यंत्र असतं तर मीच लहान आकडा काढला असता. त्या एका वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं तुझ्या ०.८३ ने लागलं नाही. तू माझी कीव केलीस.

पंपवाल्याचं तू बघणार नाहीस. त्याला परत घ्यायचं तर तुला बाईंसमोर उभं राहून सांगावं लागेल की गेजचं तू स्वतः मला लिहून कळवलं होतंस. ती जागा हातात आली असताना तू हे सांगशील असं वाटत नाही. मी तुला लहानाची मोठी केली आहे. माझ्या हातचं काम मला ओळखू येतं.

पत्र पाठवू नकोस. मीही पाठवणार नाही. लोभ होता.

दादा


२ जून

वन्संना नमस्कार.

पेपर छापून आला असं वर्तमानपत्रात वाचलं. अभिनंदन. तुम्ही कायम झालात हेही त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं.

तुम्ही माझं नाव त्यांना सांगितलंत. मी एकच मागणं केलं होतं. दीड महिना झाला, या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. ताट वाढते, ते उचलून आतल्या खोलीत जातात. टायपिंगची मशीन त्यांनी माळ्यावर टाकली.

असो. त्या मामांचं काय केलंत एवढं कळवा. बाकी काही कळवू नका.

वहिनी


२४ जून

आदरणीय ताईंस,

स. न. वि. वि. पत्र लिहायची सवय नाही, चुकल्यास सांभाळून घ्यावे.

पेपरात फोटो बघितला. बाईंच्या शेजारी तुम्ही उभ्या. आमच्या मंडळींना दाखवला आणि सांगितलं की यांची नळी मी जोडली. फार आनंद झाला. भेटायला यावंसं वाटलं, पण फाटकावर आत सोडणार नाहीत.

ताई, एक गोष्ट मनात आहे ती सांगतो, म्हणजे ओझं उतरेल. चौकशीत मी पहिल्यांदा नाही म्हणालो, कारण मला वाटलं मी कुणाजवळ बोललो नाही. मग बाई म्हणाल्या की ताई सांगतात, दोघांनाच माहीत होतं. घरी जाऊन विचार केला. ताई खोटं बोलणार नाहीत. आणि स्वतःचाच पेपर आहे, ताई स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतील? म्हणजे मीच बोललो असणार. फेब्रुवारीत जुन्या प्रयोगशाळेतला एक सोबती भेटला होता. तासभर बसलो होतो, चहा घेतला. गेजचं काही बोललो का, ते आठवत नाही. आठवत नाही याचीच भीती वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी सही केली.

तेव्हापासून डोकं बरोबर नाही असं वाटतं. दाराचं कुलूप तीन-तीनदा बघतो. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले, ते नीट केले. तरी गोळ्या दिल्या, म्हणाले, या वयात सुरुवात अशीच होते. हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या नळ्यांवर माणूस हवा होता, मला बोलावलं होतं. मी नको म्हटलं. आपण काय बोललो, काय केलं हे ज्याला आठवत नाही, त्याने माणसांच्या श्वासाच्या नळीला हात लावू नये.

तुमच्या इतक्या मोठ्या कामाला माझ्या तोंडामुळे गालबोट लागलं. तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नाहीत, हे तुमचं मोठेपण. मोठ्या मनाने माफ करावं. तुम्ही माफ केलं असं लिहिलंत तर मला झोप लागेल. बाकी काही नको.

चूकभूल द्यावी घ्यावी, आणि माणसाला मनातून काढू नये.

आपला
पंपमामा


३ जुलै

ती. स्व. पंपमामांस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण नवीन जागेचं काम फार आहे. दोन दिवस तर चहाला उठायलाही सवड झाली नाही.

तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. माणूस बोलता बोलता बोलून जातो. तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे, आणि मी बाईंनाही तसं सांगितलं आहे. विसरणं हा काही गुन्हा नाही. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्या, मध्येच सोडू नका. हॉस्पिटलचं काम नाकारलंत ते तुमच्या दृष्टीने योग्यच केलंत.

मी तुम्हाला केव्हाच माफ केलं आहे. आता निवांत झोपा.

काकूंना माझा नमस्कार सांगा. तुमची माया माझ्यावर आहे तशीच असू द्या, मला तिचा आधार वाटतो.

तुमची
ताई

ता. क. पंपांच्या सुट्या भागांच्या कपाटाची चावी नव्या माणसाला सापडत नाही. कुठे ठेवली होती ते आठवत असेल तर कळवावं.